बारा गुंठे वांगी, वीस हजार माश्या

वासावर माझं पोट आहे. साबण, अगरबत्ती, फिनाईल असल्या मालाला लागणारी सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या रबाळ्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरायच्या आणि कालच्या लॉटपेक्षा आजचा वेगळा लागतोय का ते सांगायचं. सर्दी झाली की मला खरोखरच काम नसतं. त्यामुळे वांग्यातल्या अळीसाठी आणलेला ल्यूर, म्हणजे तिच्या पाखराला वासाने सापळ्यात ओढणारी रबराची गोळी, हातात पडल्यावर सवयीने पहिलं काय केलं, तर पाकीट फोडून हुंगलं. रबराचा वास. बाकी काही नाही.

मामा बांधावर बसून बघत होता. "येतोय का?"

"नाही."

"मंग त्या पाखराला कसा येल?"

त्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, जरा ऐटीतच दिलं, आणि पुढचे बारा दिवस ते गिळावं लागलं. ते सांगतेच.

मामाचं शेत शिळफाट्याच्या पुढे, उत्तरशिवच्या बाजूला. आता शेत म्हणायचं म्हणून म्हणायचं. तीन बाजूंनी गोडाऊनं उभी राहिली आहेत, मधे भाताची खाचरं, त्यातले बारा गुंठे भात काढला की वांग्याला. मामी रस्त्याकडेला टोपली घेऊन बसते, जास्त निघालं तर टेम्पोने वाशी मार्केटला जातं. मी ऐरोलीहून रविवारी स्कूटर काढून महापे-शिळफाटा रस्त्याने ट्रकांच्या धुरातून जाते, येताना पिशवीभर वांगी आणते. लहानपणापासून आणतोय. पण ही वांगी टोपलीतली नसतात हे मला फार उशिरा कळलं. विहिरीजवळ मामीची चार-सहा झाडं वेगळी आहेत, त्यांच्यावर पंप मारत नाहीत. घरात आणि पाहुण्यांत तीच जातात.

बाकीच्या झाडांवर आठवड्यातून दोनदा औषध. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात, त्याला इलाज नाही. सोमवारी मारलं की बुधवारी तोड. कारण एकच, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. आधी कोवळे शेंडे दुपारी माना टाकतात. पाणी कमी पडलं असं वाटतं, पण संध्याकाळीही ते उठत नाहीत. शेंडा चिरला की आत पोकळ, आणि गुलाबीसर अळी. फळं धरली की ती फळात. वांगं वरून तुकतुकीत, देठाजवळ सुईच्या टोकाएवढं भोक, आणि चिरलं की काळा भुसा. अंड्यातून निघाल्यावर ही अळी काही तासांतच आत शिरते. त्यामुळे औषध बाहेर आणि अळी आत, असा तो खेळ आहे. देशभर वांगं पिकवणारे सगळेच हा खेळ हरत आलेत. बीटी वांग्याचा, म्हणजे या अळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या वांग्याचा, एवढा वाद झाला तो याच अळीपायी. ऑक्टोबर २००९मध्ये अशा पिकांना परवानगी देणाऱ्या सरकारी समितीने मंजुरी दिली, फेब्रुवारी २०१०मध्ये केंद्राने स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ साली ते स्वीकारलं.

डिसेंबरच्या मध्यावर मामाला म्हटलं, एक महिना मला दे, पंप ठेवून दे. तो तयार झाला. पटलं म्हणून नव्हे. त्याचा खांदा दुखत होता.

आता ल्यूर. कामगंध सापळा म्हणजे मादीचा वास प्रयोगशाळेत बनवायचा, रबराच्या गोळीत मुरवायचा आणि नराला बोलावून बुडवायचा. १९५९ साली ब्युटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रेशमाच्या पतंगाचा असा गंध पहिल्यांदा ओळखला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि वीसेक वर्षं गेली. आज तीच विद्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर छोट्याशा पाकिटात बसली आहे. मी वांग्याचा ल्यूर मागितला, दुकानदाराने दिला, मी आणला, हुंगला, टांगला. बारा दिवसांत बारा सापळ्यांत मिळून नऊ पाखरं. तीही जाडजूड, मातकट, वांग्याशी काही संबंध नसलेली. एका सापळ्यात कोळ्याने जाळं विणलं.

मामा काही बोलला नाही. मामी बोलली. "त्या पाखराची बायको तुझ्या गोलीपेक्षा बरी दिसत आसल."

शेवटी पाकिटाचा फाटलेला तुकडा कचऱ्यातून शोधून काढला आणि बारीक अक्षरं वाचली. घाटे अळीचा ल्यूर होता. हरभरा, टोमॅटो, कापूस यांच्यावरची. त्यात मुख्य द्रव्य झेड-११-हेक्साडेसेनाल. वांग्याच्या अळीचं ई-११-हेक्साडेसेनिल ॲसिटेट. वाचून मला हसूही आलं आणि लाजही वाटली. दोन्हीत सोळा कार्बनची साखळी, दुहेरी बंध दोन्हीकडे त्याच अकराव्या जागी. एकात तो बंध एका बाजूला वळलेला, दुसऱ्यात विरुद्ध बाजूला; आणि टोकाला एकीकडे आल्डिहाइड, एकीकडे ॲसिटेट. असलेच फरक तपासायचे पैसे मला महिन्याला मिळतात. कारखान्यात लेबल न वाचता कुणी ड्रम उघडला तर मी त्याला उभा-आडवा घेते.

दुसरा गाढवपणाही तेव्हाच लक्षात आला. ती गोळी मी उघड्या बोटांनी धरली होती, आणि बोटांना सकाळच्या हॅण्डक्रीमचा वास होता. नवे ल्यूर आणले तेव्हा हातमोजे घातले. जुन्या ल्यूरला लागलेली तार टाकून दिली, नवी घेतली. उरलेले ल्यूर घरी फ्रीजरमध्ये, बोंबलांच्या डब्याशेजारी. आईने त्यावर एक वेगळा डबा उपडा घातला आणि त्या विषयावर बोलणं बंद केलं.

सापळेही विकतचे घेतले नाहीत. पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन, दोन बाजूंना खिडक्या कापल्या, तळाला साबणाचं पाणी, वर झाकणातून तारेने ल्यूर टांगला, पाण्यापासून दोन बोटं वर. हेक्टरी शंभर सापळे म्हणजे गुंठ्याला एक, हिशेब सोपा. आधी मी ते डोक्याच्या उंचीवर बांबूला बांधले होते, दिसायला छान. पण हे पाखरू झाडाच्या शेंड्यालगत उडतं. मग सगळे कॅन खाली, झाडाच्या उंचीला आणले.

पहिल्या सकाळी एकतीस.

मामाने एक पाखरू चिमटीत उचलून तळहातावर ठेवलं. पांढरे पंख, त्यांवर तपकिरी-गुलाबी डाग, अंगठ्याच्या नखाएवढं. जिवंत असताना ते शेपटाकडचा भाग वर उचलून बसतं, मग मामाला ओळख पटली. "यो तर विहिरीच्या लाइटीव रोज आसतो," म्हणाला. साठ वर्षं शेत करतोय, अळीही ओळखतो, पाखरूही ओळखतो. दोघांचं नातं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी मोजायचं काम मामीने घेतलं. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली आकडे लिहायची. त्या आकड्यांतच पहिली खरी गोष्ट सापडली. पश्चिमेच्या बांधाजवळच्या दोन कॅनमध्ये उरलेल्या दहांइतकी पाखरं पडत होती. पलीकडे शेजारच्या दादूसने पावसाळी वांगी उपटून झाडं चुलीसाठी बांधावर रचली होती. सुकलेली झाडं, त्यांना लटकलेली वाळकी किडकी वांगी, तळाला पाला. अळी फळातून उतरून अशाच पाल्यात कोष करते. म्हणजे पाखरांचा कारखाना बांधावर आणि आम्ही सापळे लावतोय शेतात. दादूसकडे गेलो. तो म्हणाला, "जलान हाय ते, जालू कसा?" मोठा प्रश्न होता. शेवटी मामाने त्याला लाकडाच्या वखारीतून एक पोतं ढलप्या आणून दिल्या आणि तो ढीग पेटवला. बारा गुंठ्यांवर मी जे काही केलं त्यात सगळ्यात उपयोगाचं हेच झालं असावं, आणि त्यात ना गंध होता ना माशी.

सापळ्याची एक मर्यादा तिथेच कळली. त्यात येतो तो नर. शेत लहान, आजूबाजूला वांगीच वांगी, तर तिकडे जुळलेली मादी इकडे येऊन निवांत अंडी घालते. तिला आपल्या गोळीचं काय? म्हणून अंड्यांवरच हात टाकायला हवा होता.

ट्रायकोकार्ड हा पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर डिंकाने चिकटवलेली रव्या-तांदळाला जाळी करणाऱ्या किड्याची, कोर्सायराची, अंडी. घरातल्या डब्यात जे बघून आपण रवा फेकून देतो, तोच किडा इथे मुद्दाम पाळतात. या अंड्यांत ट्रायकोग्रामा चिलोनिस नावाच्या माशीने आपली अंडी घातलेली असतात. एका कार्डावर साधारण वीस हजार. माशी म्हटलं तरी ती गांधीलमाशीच्या गोतातली. मात्र लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, माणसाला चावणं तिला जमायचं नाही. शेतात ती पतंगाची अंडी शोधते, त्यात आपलं अंडं घालते, तिचं पिल्लू आतलं सगळं खातं आणि अळीऐवजी माशी बाहेर येते.

पहिलं कार्ड कुरिअरने गुरुवारी आलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने ते केबिनच्या खिडकीत ठेवलं, काचेमागे, उन्हात. मला शनिवारी रात्री मिळालं. पाकीट उचललं तर आतून कुणी मिरपूड टाकल्यासारखं, आणि ती मिरपूड चालत होती. बऱ्याचशा मेल्याही होत्या. वॉचमनकाकांना काय बोलणार? पाकिटावर "जिवंत" असं लाल अक्षरात लिहिलं होतं, पण ते इंग्रजीत. रात्री साडेदहाला स्कूटर घेऊन उत्तरशिवला जाऊन मी ते पाकीट वांग्यात उघडलं. मामाने दार उघडून बघितलं आणि आत जाऊन झोपला.

दुसरं कार्ड थेट मामाच्या पत्त्यावर, भाजीच्या टेम्पोवाल्यामार्फत. या वेळी नीट. संध्याकाळी ऊन उतरल्यावर कार्डाच्या पट्ट्या कापल्या, गुंठ्याला एक या हिशेबाने पानांच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टोचल्या. मामा मागून येत होता.

"बाय, मना सांग, आत बसलेल्या अलीचा काय?"

"काही नाही."

"फलान हाय ती?"

"तीही राहणार. या माशीला फक्त अंडं लागतं."

"मंग आज लावून उद्या काय मिलल?"

"उद्या काही नाही मिळणार मामा."

हे त्याला सांगताना मलाच पहिल्यांदा नीट समजलं. मी दोन्ही वस्तू औषधासारख्या वापरत होते: आणली, लावली, आता अळी मरू दे. खरं तर सापळ्यातला आकडा बघून कार्ड लावायचं असतं. पाखरं वाढली की आता दोन-तीन दिवसांत अंडी पडणार, तेव्हा माशी शेतात हजर हवी. ती जगते जेमतेम आठवडाभर. आधी लावली तर उपाशी मरते, नंतर लावली तर अळी फळात जाऊन बसलेली. मामीचं कॅलेंडर हीच खरी चावी होती आणि मी ते फक्त खुशीसाठी वाचत होते.

चौथ्या दिवशी मामाने पंप मारला.

मला मामीने फोनवर सांगितलं, तेही बोलता बोलता. दादूसच्या शेतात फवारणी चालली होती, ते बघून मामाचा हात राहिला नाही. ट्रायकोग्रामाला ही कीटकनाशकं अळीपेक्षा जास्त लागतात. कार्ड लावल्यावर निदान आठ-दहा दिवस पंप बंद हवा. वीस हजार गेल्या. रविवारी मी गेले तेव्हा मामा विहिरीवर पाय धुत होता, बराच वेळ धुत होता. मी भांडले नाही. आईने ऐकवलं त्याला, बहीण आहे मोठी.

तिसऱ्या कार्डापासून मात्र सुरळीत झालं. दर आठवड्याला एक, मार्चच्या सुरुवातीपर्यंत एकूण सहा. दोन पट्ट्यांवर मुंग्या चढल्या, त्या झाडांच्या बुंध्याला मामाने ग्रीस लावलं. जोडीला दर शुक्रवारी मामी आणि मी (मी असेन तेव्हा) सुकलेले शेंडे कापायचो आणि किडकी वांगी वेगळ्या बादलीत. ती आधी बांधापलीकडे फेकायची पद्धत होती, आता खड्ड्यात पुरायची. दादूसशी तह झाला: तो औषध मारणार त्याच्या आदल्या दिवशी सांगणार, आणि आमच्या बाजूच्या चार सऱ्या सोडून मारणार. चार सऱ्यांचा तह त्याने पाळला. आदल्या दिवशी सांगायचं मात्र विसरायचा.

कारखान्यातली भिंगाची काच आणून मी पानांच्या खालची बाजू बघायचे. ताजं अंडं दुधाळ, चपटं. काही अंडी पूर्ण काळी. माशी आत वाढायला लागली की अंडं असं काळं पडतं. पहिलं काळं अंडं दिसलं तेव्हा मी मामाला हाक मारली. त्याला भिंगातून काही दिसेना, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं, मग "हाय, हाय" म्हणाला. दिसलं नसावं.

ही एवढीशी माशी ते अंडं शोधते कशी, याचा मी रात्री बसून शोध घेतला, आणि इथे मला माझं दुकान सापडलं. पतंगाची मादी अंडी घालते तेव्हा तिच्या पंखांची पूड आसपास पडते, त्या पुडीचा वास माशीला कळतो. अळीवर जगणाऱ्या मोठ्या माश्यांची गोष्ट तर त्याहून भारी. १९९०मध्ये टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी अमेरिकेत दाखवलं की मक्याच्या रोपाला अळीने कुरतडलं की रोप काही वास सोडतं आणि तो वास धरून माशी अळीपर्यंत पोचते. नुसतं कात्रीने कापलं तर तसं होत नाही. अळीच्या तोंडची लाळ लागावी लागते. लाळेतलं ते द्रव्य १९९७ साली ओळखलं गेलं, व्हॉलिसिटिन. आणि मका सोडतो त्या वासांत एक आहे लिनालूल. लिनालूल! आमच्याकडे ड्रमने येतं. लॅव्हेंडरच्या साबणात तेच. दुसऱ्या दिवशी लिनालूलच्या लॉटची पट्टी नाकाशी धरून मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिले, तर ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, खराब आहे का?"

निकाल विचाराल तर थोडा चांगला, फार नाही. डिसेंबरात टोपलीतल्या दहा वांग्यांत चार किडकी निघत होती. फेब्रुवारीच्या शेवटी दीड-दोन. मामीने कॅलेंडरवर तेही लिहून ठेवलंय, म्हणून सांगते. मार्चमध्ये ऊन चढलं तसं पुन्हा वाढलं. सापळ्यातलं पाणी दोन दिवसांत आटायचं आणि इतक्या उन्हात ही माशीही टिकत नाही. औषधाचा खर्च मात्र एका फवारणीवर आला, तो चौथ्या दिवसाचा पंप धरून. आणि विहिरीजवळच्या झाडांची वांगी कुठली, टोपलीतली कुठली, हे मामी फेब्रुवारीत बघेनाशी झाली. जे हाताला येईल ते पिशवीत भरायची.

फेब्रुवारीतच किडक्या फळांतल्या सात अळ्या मी मामीच्या लोणच्याच्या बाटलीत ठेवल्या होत्या, वांग्याचे काप आणि चुरगळलेला टिश्यू घालून, तोंडाला फडकं बांधून. बाटली मामाकडेच, कोनाड्यात. कोष झाले. पाचांतून पाखरं निघाली, एक मेली. सातव्यातून निघाली ती पाखरू नव्हती. सडपातळ, कमरेत बारीक, मिशा शरीराएवढ्या लांब आणि सारख्या थरथरणाऱ्या. ट्रायकोग्रामाच्या कित्येक पट मोठी. ही मी आणलेली नव्हती. वांग्यातल्या याच अळीवर जगणारी ट्राथाला नावाची माशी भारतात नोंदलेली आहे, ती याच गोतातली. कुठल्या झुडपातून आली, इतकी वर्षं कुठे होती, औषधात दरसाल किती मरत होत्या, कोण जाणे. मामा बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ तिच्या मिशा बघत बसला. मग फडकं सोडलं आणि बाटली वांग्यात नेऊन आडवी ठेवली.

यंदा भात अजून उभा होता तेव्हाच त्याचा फोन आला.

"बाय, ती गोल्यांची पाकिटा सांगून ठेव. बारा. आन बघून घे जरा, ईवाल्या. झेडवाल्या नको."